डब्याची विचारपूस

“मग चुकलं कुठं, बुवा? तेवढंच सांगा.”

मठातले बुवा आसनावर बसले होते. समोर फरशीवर, चार चाकांवर एक स्टीलचा डबा उभा होता. त्याच्याकडे बघत राहिले.

डबा धैर्यशीलने बनवला होता. नोकरी पुण्यात, पण जीव सगळा तारा आणि मोटारींत. त्याच्या घरात पडदे आपोआप सरकत, दाराशी कोण आलं ते दारच सांगे. पलंगावर टेकायचं तर आधी सोल्डरिंगचं सामान उचलावं लागे. पाहुणे तोंडात बोट घालत, आणि तेवढ्यानेच याचं पोट भरे. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरंच असावं.

आई इथे गावात एकटी. हृदयाची गोळी घ्यायला विसरायची, म्हणून त्याने हा डबा केला. खेळण्यातल्या गाडीची चाकं, पुढे सेन्सर, पोटात छोटा स्पीकर. गोळीची वेळ झाली की डबा घरभर फिरे, समोर माणूस आलं की थांबे आणि धैर्यशीलच्या आवाजात बोले. पूर्वी तो रोज फोन करायचा. डबा आल्यावर फोन कमी झाला. डबा विचारतो की!

गेल्या महिन्यात आई गेली. तिने बरेच दिवस गोळीच घेतली नसावी, असं डॉक्टर म्हणाले.

“वायर न् वायर तपासली मी,” धैर्यशील म्हणाला. “बॅटरी बघितली. एक दिवस खाडा नाही, बुवा. वेळेवर जाणार, वेळेवर विचारणार. ती उत्तर देईपर्यंत थांबणार. तो थांबायचा अंदाजसुद्धा मी बरोबर बसवला होता.”

“हं...”

“शेजारच्या सखूकाकी सांगतात, आई दिवसभर त्याच्याशी बोलायची. लेकाशी बोलावं तसं.”

हे सांगताना, एवढ्या दुःखातही, त्याचा आवाज जरा चढला. सवय कुठे जाते माणसाची?

बुवा आसनावरून उठले. गुडघे धरत धरत खाली आले आणि डब्यासमोर भिंतीला टेकून बसले. आई खाटेशी अशीच टेकून बसायची. धैर्यशीलने नजर वळवली.

“चालू कर,” बुवा म्हणाले.

त्याने मागचं बटण दाबलं. डबा घरघरत पुढे गेला आणि बुवांच्या पायांशी थांबला.

“आई, गोळी घेतलीस का?”

आवाज धैर्यशीलचाच होता. हसरा, ताजातवाना.

“नाही रं बाळा,” बुवा डब्याला म्हणाले. “गोळ्या संपल्या.”

डबा थोडा थांबला.

“शाब्बास! आता जरा पड.”

डबा बंद करायला धैर्यशीलने हात पुढे केला. बुवांनी तो हात मनगटाशी धरला, आणि दुसऱ्या हाताने बटण पुन्हा दाबलं.

“आई, गोळी घेतलीस का?”

“तू कधी येतोस?”

...

“शाब्बास! आता जरा पड.”

बुवांनी मनगट सोडलं. धैर्यशील तिथेच खाली बसला. आईला अग्नी देताना तो रडला नव्हता, लोकांनी नावंही ठेवली होती. आता मात्र त्याला हुंदका आवरेना. बुवांनी त्याला रडू दिलं. पाणी विचारलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. मग काय करावं ते न सुचून डबा जवळ ओढला, झाकण उघडलं आणि आतल्या तारा बोटाने बाजूला करू लागला. हात आपले नेहमीच्या कामाला लागले.

“कान बसवायचाच राहिला, बुवा...” तो म्हणाला. “एवढासा माइक लागतो. सोपं होतं. सुचलंच नाही मला.”

त्याने डब्यातली रिकामी जागा बोटाने चाचपली.

“आईच्या आता काही उपयोगाचं नाही. पण दुसऱ्या कुणाच्या म्हातारीला तरी... बसवू का कान?”

बुवांनी त्याच्या हातातून डबा काढून घेतला. झाकण लावलं, बाजूला ठेवला.

“त्याला कशाला?”