मागाचा कागद आणि मागशाळेची पाटी

सोमवार, सकाळचे नऊ. विणकरांच्या एका गावातली चावडी. पंचांसमोर एक कागद, एक लाकडी पाटी आणि संतापलेली सुंद्राबाई.

कागद गावातल्या मागशाळेचा मालक दामूशेठ याच्या नव्या मागाचा होता. 'हा माग उघडा, बदला, तसाच दुसरा बनवा, कोणालाही द्या. आमची हरकत नाही.' इतका उदार कागद गावाने पहिल्यांदाच पाहिला होता. त्याच्या भरवशावर सुंद्राबाई शेठच्या मागशाळेत गेली आणि त्या मागावर तिने आपला राघूचा काठ विणला. हा काठ तिच्या सासूने बसवलेला. दुसऱ्या कोणाला तो येत नव्हता, म्हणून तर गिऱ्हाईक तिच्या दारी यायचे. विणलेले लुगडे ती घरी घेऊन गेली. महिनाभरात तोच काठ शेजारच्या बाजारात दुकानादुकानांतून लटकू लागला.

"कागदात तर मला सगळी मोकळीक आहे," ती म्हणाली.

"तो कागद मागाचा, बाई," शेठ म्हणाला. "मागशाळेची पाटी वेगळी."

पाटीवर लिहिले होते: 'उंबरा ओलांडणाऱ्यास अटी मान्य. येथे विणलेली नक्षी शेठ उतरवून घेतील, वापरतील, कोणालाही देतील.'

पंच केरूअण्णांनी कागद वाचला. पाटी वाचली. पुन्हा कागद वाचला.

"म्हणजे माग हिचा आणि नक्षी तुमची? की उलट?"

"माग सगळ्यांचा. लुगडं तिचं. नक्षीसुद्धा तिचीच, अण्णा. फक्त वापर आमचा."

"मला तर कागद आणि पाटी, दोन्ही खरं वाटतंय," दुसरे पंच पुटपुटले.

"पाटी होती कुठे?" सुंद्राबाईने विचारले.

"आत. भिंतीवर."

"मग ती वाचायला उंबरा ओलांडावाच लागणार की! शेठ, लग्न लावून मग मुलगी दाखवता होय?"

चावडी खदखदून हसली. शेठ हसला नाही. राघूची नक्षी उतरवलेला दुसरा एक कागद त्याने खिशातून काढला आणि पंचांसमोर टराटरा फाडला. "झालं समाधान?"

"आणि त्याच्या नकला?" सुंद्राबाईने विचारले.

शेठने पागोटे सारखे केले. नकला किती गावांना गेल्या, हे त्याने सांगितले नाही. पंचांनी विचारले नाही. आजही ते कोणाला ठाऊक नाही.

तात्पर्य: हत्यार मोकळे मिळाले, म्हणून त्यावर केलेले काम आपल्याच हाती राहते असे नाही. हत्याराच्या कागदाबरोबर जागेच्या अटीही आधी मागून वाचाव्यात. आणि आत गेल्याखेरीज दिसत नाहीत अशा अटींना संमती म्हणू नये.