बिनउंबऱ्याचं दार

करंजवे बंदरावरच्या साहेबाच्या बंगल्याला उंबरा नाही. दगडी दर्शनी भिंत, डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे, दारावर पंख्याच्या आकाराची काच. सगळं जुन्या इंग्रजी, जॉर्जियन थाटाचं, मापात. दाराच्या तळाशी मात्र रिकामी खाच. वारसा वास्तूच्या पाटीवर मालकांची नावं कोरली आहेत: विलायती व्यापारी, भाटिया पेढीवाला, आताचा हॉटेलवाला. गोमू कोळणीचं नाव नाही. "पाटी लिवनाऱ्यांना लाज नाय," असं म्हणूनच बंदरावरचे जुने होडीवाले हिराजी नाखवा पाहुण्यांना पुढचं सांगतात.

इथे गोमूचं खळं होतं, मासळी सुकवायचं अंगण. नवरा दर्यात बुडून गेलेला. खळं होतं म्हणून तिची चूल पेटत होती. त्या विलायती व्यापारी साहेबाला मालासाठी आडोसा हवा होता. गोमू त्याच्या दुभाष्याला म्हणाली, "पावसापुरता मांडव घाल म्हनावं." दुभाष्याने साहेबाला सांगितलं, "बाई म्हणते, घाला." बाकीचे शब्द त्याने गिळले.

पाऊस सरला. गोमू ओला जवळा घेऊन आली, तर सारवलेल्या खळ्यात पाया खणलेला. तिने दुभाष्याला जाब विचारला. दुभाष्या हसून म्हणाला, "मांडवाच्या खांबांना खड्डे नकोत का, बाय?"

भिंती चढल्या, माडी झाली. उंबरा तेवढा बसवायचा राहिला. गवंडी बंदरावरचेच. घरच्या बाईने हळद लावल्याशिवाय उंबरा बसवायचा नाही, ही त्यांची रीत. साहेबाची मडम विलायतेत. गवंड्याने विचारलं, "घरची बाय कोन?"

"मी," गोमू पुढे झाली. "आनि मी हलद लावीत नाय."

ती खाचेतच बसली. शिपायांनी ओढलं, साहेबाने बंदूक दाखवली. ती हलली नाही. अन्नपाणी सोडून तिने तिथेच प्राण सोडला म्हणे. साहेबाने परगावचे गवंडी आणून उंबरा बसवला, तो सकाळी दुभंगलेला. पुढच्या मालकांचेही तडकले. हॉटेलवाल्याचा संगमरवरीसुद्धा.

आजही हंगामाचा पहिला जवळा कोळणी या बंगल्याच्या पायऱ्यांवरच सुकत घालतात. हॉटेलातले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. गेल्या साली मॅनेजर अंगावर धावून आला. "खाजगी जागा आहे ही. मालकाला विचारलंत?"

जवळा पसरणारी म्हातारी मान वर न करता म्हणाली, "मालकिनीनंच सांगितलाय. तू कोनाला इचारून आत शिरलास?"