राजाने टांगलेली करवंटी

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता. त्याचा जीव दोनच गोष्टींत: सहा वर्षांची लेक शाल्मली आणि राजवाड्याच्या पांढऱ्याशुभ्र भिंती. लेक अखंड बडबडे, भिंती गप्प असत. राजाला दोन्ही प्रिय.

त्या राज्याची रीत अशी, की सुगी झाली म्हणजे जोंधळ्याच्या कणसांची जुडी दाराला टांगायची. थंडीत पाखरे ती खात आणि भिंती घाण करीत. एका वर्षी राजाने भिंतींना नवा चुना लावला आणि जुड्या बंद केल्या. त्याच जुड्यांवर एक जादूगार चिमणी होऊन पोट भरत असे. तो दरबारात आला.

"राजा, माझा चिवचिवाट तू बंद केलास. तुझ्या घरचा मी नेतो."

शाल्मली गाणे म्हणत होती. अर्ध्या ओळीवर तिचा आवाज गेला.

राजा ढसाढसा रडला. तेव्हा खिडकीतली म्हातारी साळुंकी म्हणाली, "थंडी सरायच्या आत एक तरी पाखरू तुझ्या हातचे जेवले, तर आवाज परत येईल. नाहीतर कायमचा गेला."

राजाने सोन्याचे ताट घडवून आणले. साळुंकी म्हणाली, "तुझ्या हातचे म्हटले मी, सोनाराच्या नव्हे. करवंटीला तीन भोके पाड. काथ्याची दोरी वळ. दाणे तुझ्या वाट्याचे घाल."

तीन करवंट्या फुटल्या, चौथी टिकली. दोरी वळताना राजाचे तळहात सोलले, शाल्मली त्यांवर फुंकर घाली. आपल्या भाकरीचे जोंधळे त्याने दळू दिले नाहीत, करवंटीत ओतले आणि स्वतः पाणी पिऊन राहिला. करवंटी अंगणातल्या निंबाला टांगली आणि झाडाखाली मान वर करून उभा राहिला.

आठ दिवस एक पाखरू फिरकले नाही. थंडीचा शेवटचा दिवस उजाडला.

साळुंकी म्हणाली, "राजा, पंगतीत पाहुण्याच्या ताटावर डोळा ठेवून बसतोस काय?"

राजा खजील झाला. तो भिंतीकडे तोंड करून बसला. शाल्मली त्याच्या मांडीवर बसली, पण लहान मुले कुठे ऐकतात? ती खांद्यावरून हळूच डोकावत राहिली.

दुपार कलली. राजाच्या कानाशी कुणी कुजबुजले, "बाबा, चिमणी आली."

राजाला वाटले, लेकीचे तोंड बघावे, तिला उचलून नाचावे. पण पाहुणी जेवत होती. तो हलला नाही. डोळ्यांतले पाणी दाढीत उतरले.

"खाते आहे का गं?"

"खाते आहे. आता दुसरी आली. तिने पहिलीला ढकलले."

"सांग, बाळ. सगळे सांग."

दाणे संपेपर्यंत ती सांगत होती आणि राजा भिंतीकडे बघत ऐकत होता.

पुढल्या सुगीला दारोदार जुड्या लागल्या. भिंती पुन्हा घाण झाल्या. पुन्हा चुना लावायचा का, असे चुना लावणारे विचारायला आले, तेव्हा राजा म्हणाला, "असू दे. ती जेवताहेत."