चुका पोटात घालणारी काठी

एका गावात एक भोळा जावई होता. तसा जावई तो पलीकडच्या गावाचा, पण भोळेपणा पूर्ण स्वतःचा. नाव केरबा. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, हीच मोठी पंचाईत होती.

एकदा त्याची बायको हौसा अंगणात पापड वाळत घालून नदीवर निघाली. जाताना म्हणाली, "अहो, जरा कावळ्यांकडं बघा." केरबाने खाट बाहेर ओढली आणि कावळ्यांकडे बघत बसला. कावळे आले, पापड खाल्ले, उडून गेले. हौसा परतली तेव्हा केरबा म्हणाला, "सगळे बघितले. एक लंगडा होता." हौसाने बोचकं बांधलं आणि माहेर गाठलं.

केरबाला तिच्यावाचून करमेना. घर खायला उठलं. शेवटी तो सासुरवाडीला दाखल झाला. हौसाने दारातच सांगितलं, "आप्पांचं एक काम धड करून दाखवा, मग येते. न्हाईतर मी हितंच बरी."

आप्पा म्हणजे तिचे वडील, सुभेदार रंगराव. पलटणीतून निवृत्त झाले आणि येताना गोल्फचं वेड घेऊन आले. गोल्फवाले कच्च्या गड्याला आधीच सवलतीचे फटके देतात. सुभेदारांना सगळ्यांत जास्त मिळायचे, तरी ते हरायचे. कारण छावणीच्या मैदानावर त्यांचा पहिला फटकाच शेजारच्या उसात जाई. फडाचा मालक म्हणे, यंदा उसापेक्षा चेंडूंचंच पीक बरं आलंय.

"जावईबापू," सुभेदार म्हणाले, "पहिला लांब फटका ज्या काठीनं मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. शहरातनं माझ्याजोगी एक काठी आणा. चुका पोटात घालणारी पाहिजे."

"बरं," केरबा म्हणाला.

दुकानात काचेच्या कपाटात एक काठी झळकत होती. डोकं बारीक, दांडा पहारीसारखा ताठ. केरबाने तीच आणली. सुभेदारांनी फटका मारला. चेंडू ऊस ओलांडून गेला आणि गुऱ्हाळात उकळत्या रसाच्या काहिलीत पडला.

"अहो, ही पट्टीच्या खेळाडूंची काठी!" सुभेदार ओरडले. "वस्तू घेण्याआधी तिथंच हाणून बघायची असते!"

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला माठ आणायला धाडलं. केरबा ती काठी खांद्यावर टाकूनच गेला. कुंभारणीच्या दारात माठ मांडले होते. त्याने पहिला हाणून बघितला. फुटला. दुसरा हाणला. तोही फुटला. "ह्यो बी कच्चाच," असं म्हणत तो रांगेच्या टोकापर्यंत गेला. एकही पक्का निघाला नाही. कुंभारीण शिव्या देत पार घरापर्यंत आली.

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "माठ हाणत न्हाईत, जावईबापू! टिचकी मारायची, कान लावायचा. आवाज खणखणीत आला की घ्यायचा."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

"आधी ती काठी बदलून आणा. आणि येताना बाजारातनं जत्रंसाठी एक बोकड बघा."

केरबा दुकानात गेला. एकेका काठीला टिचकी मारायची आणि डोळे मिटून कान लावायचा, असं त्याने सुरू केलं. बराच वेळ झाला तसा दुकानदार जवळ आला.

"पाहुणे, काय ऐकताय?"

"पक्की हाय का बघतोय."

"काठी हवी कुणासाठी?"

"ज्याचा चेंडू उसात जातो, त्याच्यासाठी."

दुकानदार भला माणूस होता. त्याने कपाटाच्या तळातून एक काठी काढली. "मग आवाज राहू द्या. नवशिक्याला डोकं मोठं लागतं, अंग हलकं, दांडा लवचिक आणि तोंड जरासं आभाळाकडं. म्हणजे चेंडू कडेला लागला तरी फार वाकडा जात नाही. काहीही घेताना एवढं बघा, फसणार नाही."

"बरं," केरबा म्हणाला, आणि तेच घोकत बाजारात गेला. डोकं मोठं, अंग हलकं, लवचिक, तोंड आभाळाकडं. सगळा बाजार पालथा घातल्यावर तसा बोकड एकदाचा सापडला. अंग इतकं हलकं, की फासळ्या मोजून घ्याव्यात. पाय इतके लवचिक, की उभा केला की बसायचा. मान आखडल्यामुळे तोंड कायम वरच. केरबाने त्याला खांद्यावर घातलं.

सुभेदारांनी नवी काठी फिरवली. चेंडू मैदानाच्या मधोमध जाऊन पडला. सुभेदारांना भरून आलं. "जावई माझा गुणाचा!" ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना बोकड दिसला.

"हे काय आणलंत? अहो, नग खोटा निघाला तर तो निमूट घरी आणायचा नसतो! वाटेत ध्यानात आलं की तसंच मागं फिरायचं, आणि बदलून मागायचा!"

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

हौसाला हसू आवरेना. "बोकडाचं राहू द्या, आप्पा. काठीचं काम तर धड झालं." खरं म्हणजे तिलाही केरबावाचून करमत नव्हतं, पण ते ती बोलून दाखवणार थोडीच! दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. केरबाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

एसटी आली तशी हौसा म्हणाली, "पळा, खिडकीपाशी जागा धरा." केरबा सगळ्यांच्या आधी आत घुसला आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. एक जाडजूड गृहस्थ आले, बसले. त्यांच्या शेजारी पाटीवाली बसली.

हौसा वर आली. "जागा कुठाय?"

"ही काय, धरलीय की!"

हौसाला वाटेतलं शहर येईपर्यंत उभंच राहावं लागलं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा काही थांबला नाही. पापड निघाले, माठ निघाले, बोकड निघाला. केरबा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं, की आपली एकही चूक हिच्या पोटात जात नाही. मग सासऱ्यांनी सांगितलेलं आठवलं. शहर येताच तो हौसाला घेऊन खाली उतरला आणि तडक काठीच्या दुकानात शिरला.

"शेठ, ही बदलून द्या. चुका पोटात घालणारी पाहिजे."

दुकानदाराने केरबाच्या हाताकडे बघितलं. हातात काही नव्हतं. मग त्याने हौसाकडे बघितलं, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

"पाहुणे, ही आमच्याकडची नाही. जिथनं आणलीत, तिथंच विचारा."

"बरं," केरबा म्हणाला.

हौसा पाय आपटत माहेरच्या गाडीत जाऊन बसली. केरबाही मागोमाग चढला.

सुभेदार अंगणात काठी पुसत होते. लेक तरातरा आत गेली, दार धाडकन आपटलं. सुभेदार दचकून उठले. "जावईबापू, आज सकाळीच गेलात ना? परत का आलात?"

केरबाने टोपी काढून नमस्कार केला.

"मामा, तुमच्या सांगण्यापरमानं वाटेतनंच मागं फिरलो. शेठ बदलून देईना. म्हणाला, माल तुमच्याकडचा हाय. तवा ही ठेवून घ्या, आणि दुसरी दाखवा."