झाकणाआडचा कॅमेरा

वस्तूंना वाचा होती, त्या काळची गोष्ट. अण्णासाहेब दिघ्यांचा एक भारी कॅमेरा होता. प्रत्येक लग्नात तो त्यांच्या गळ्यात मिरवायचा, लोक वळून वळून बघायचे आणि कॅमेरा फुशारून जायचा. काचेवर धूळ बसेल म्हणून अण्णासाहेबांनी तिच्यावरचं झाकण मात्र कधीच काढलं नव्हतं.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेसाठी पाटावर मांडली. त्यांत पहिल्यांदाच कॅमेराही होता.

"मी यंदा दोन बारशांची भाजी चिरली," शेजारची विळी म्हणाली. "तू काय केलंस रे?"

"मी सगळ्या लग्नांना गेलो!"

"हो? नवऱ्या कशा होत्या दिसायला?"

कॅमेऱ्याने अंधाराशिवाय काही पाहिलंच नव्हतं.

"असू दे रे बाळा," विळी हळूच म्हणाली.

तेवढ्यात अण्णासाहेब कुंकू लावायला वाकले. पूजेला तोंड झाकून कसं चालेल, म्हणून त्यांनी झाकण काढलं. लख्ख उजेडात कॅमेऱ्याला कुंकवाचं बोट दिसलं, आणि त्यामागे एक टक्कल आणि लहान मुलासारखे हसरे डोळे.

"किती गोड माणूस आहे!" तो विळीला म्हणाला. "कोण गं हे?"

"अरे, ज्यांच्या गळ्यात इतकी वर्षं मिरवलास ना, तेच!"