वीस पावलं मागे

फार वर्षांमागे, विहिरींवर चामड्याच्या मोटा चालत तेव्हा, चांद्या बैलाची उमर मोट ओढण्यात गेली. तो वीस पावलं पुढे गेला की भरलेली मोट वर यायची, वीस पावलं मागे आला की पुन्हा पाण्यात उतरायची.

पुढे विहिरीवर इंजिन आलं आणि चांद्याला गाडीला जुंपलं. वीस पावलं झाली की तो सवयीनं मागे सरके. जोडीदार मोऱ्या करवादायचा, "म्हाताऱ्या, विसर की ती विहीर!"

एकदा घाटात गाडीच्या पुढ्यातच दरड कोसळली. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. गाडी वळवायला जागाच नव्हती. मोऱ्याला मागे चालणं ठाऊकच नव्हतं.

"माझ्या पावलाला पाऊल लाव," म्हणत चांद्या मागे सरकू लागला.

रुंद वाटेला लागल्यावर मोऱ्यानं हळूच विचारलं, "दादा, कशी होती रे तुझी विहीर?"