दोन तालांमधली पेशी

ही कथा गेल्या फाल्गुनात, एका सोमवारी सकाळी, प्रयोगशाळेत पेशींच्या बशीतले पोषकद्रव बदलता बदलता ज्येष्ठ तंत्रज्ञ शालन धुरी यांनी सांगितली.

त्यांच्या उमेदवारीच्या काळी एका काचेच्या बशीत पेशींचे दोन पुंजके हृदयपेशी होऊन धडधडू लागले होते. पण प्रत्येकाचा ताल निराळा होता आणि धाकटा पुंजका मंदावत चालला होता. मधल्या जागेत, दोघांना जोडू शकेल अशी एक मूळपेशी होती. तिला हाड, त्वचा, मज्जा असे काहीही होता आले असते, म्हणून ती काहीच होत नव्हती.

"मी हृदयपेशी झाले, तर बाकीचं सारं हातचं जाईल, मावशी," ती तळाशी पसरलेल्या पोषकपेशीला म्हणाली.

"जाईल ना. आम्ही वाढणं सोडलं, तेव्हाच तुम्हाला भरवायला मोकळ्या झालो. तू मात्र बस मिरवत, मला काय काय होता येतं म्हणून. तो धाकटा थांबेल तोवर."

मूळपेशीने धाकट्याकडे पाहिले. मग ती हळूहळू लांबट झाली आणि दोन्ही पुंजक्यांना टेकली.

चौथ्या दिवशी शालनताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा सारी बशी एकाच तालात धडधडत होती. एवढे नोंदवहीत आहे. त्या धडधडणाऱ्या पेशींतली ती मूळपेशी नेमकी कोणती, याची खात्री मात्र कधीच करता आली नाही.